माल तिकडे, पैसे आपले!

भाजीवालीने टोमॅटो तागडीत घातले की आपला हात आपोआप पुढे जातो. वरचे दोन बाजूला सारून आपण खालचा उचलतो, दाबून पाहतो, देठाकडे नजर टाकतो आणि मगच पिशवी उघडतो. साडी घेतली तर पदर उलगडून, उलटी बाजू पाहून. माठ घेतला तर टिचकी मारून. पन्नास-शंभर रुपयांच्या वस्तूसाठी एवढी चिकित्सा करणाऱ्या आपण बायका. पण हल्ली आपल्यातल्याच काही जणी घरबसल्या धंदा करू लागल्या आहेत, चीनहून परस्पर माल मागवू लागल्या आहेत, आणि तिथे मात्र लाखांचा व्यवहार फोनवर आलेल्या चार फोटोंवर उरकतो. टिचकी मारायची कुणी?

ती टिचकी पैसे घेऊन मारून देणारी माणसे असतात, हे पुष्कळ जणींना माहीत नसते. म्हणून हा लेख.

या माणसाला तपासनीस म्हणू या. तो कारखान्याचा नोकर नाही, माल पाठवणाऱ्या दलालाचा नाही, अगदी तिऱ्हाईत. तुम्ही त्याला नेमायचे, फी तुम्ही द्यायची, आणि त्याने कारखान्यात जाऊन तुमच्या वतीने खोकी उघडून पाहायची. धंदा जुना आहे. ब्यूरो व्हेरिटास ही संस्था १८२८ साली अँटवर्पला निघाली ती जहाजांची अवस्था विमावाल्यांना कळवण्यासाठी. एसजीएस १८७८ साली फ्रान्समधल्या रूआं बंदरात निघाली ती जहाजातून उतरणाऱ्या धान्याची तपासणी करायला. आज या बड्या संस्था आहेतच, शिवाय चीनमधल्या कारखान्यांच्या शहरांतून अशी कामे करणाऱ्या लहान संस्थाही पुष्कळ आहेत.

परक्या देशाच्या मालावर असा अविश्वास दाखवणे बरे नव्हे, असे कुणाला वाटेल. पण आपल्या हापूसचेच पाहा ना! २००७ पासून आपला आंबा अमेरिकेला पुन्हा जाऊ लागला, तो विकिरण करून, आणि ते काम अमेरिकेच्या निरीक्षकाच्या नजरेखाली होते. घेणाऱ्याचा माणूस देणाऱ्याच्या दारात येऊन बसतो. मे २०२५ मध्ये वाशीहून गेलेल्या आंब्यांच्या पंधरा खेपा अमेरिकेच्या विमानतळांवर नाकारल्या गेल्या, त्याही कागदपत्रांतल्या गफलतीवरून. परत आणायचा खर्च मालापेक्षा जड, म्हणून तो आंबा तिथेच नष्ट करावा लागला. ही गोष्ट मनात ठेवा. समुद्रापार गेलेला माल परत पाठवू म्हटले तरी पाठवता येत नाही. आपण घेणाऱ्या असलो तरी नियम तोच.

छत्र्यांची गोष्ट

आमच्या ओळखीतल्या दोन जावा आहेत. थोरलीचे शाळेच्या वस्तूंचे छोटे दुकान, धाकटी हिशेबात पक्की. छत्र्यांचा घाऊक भाव दरवर्षी वाढतो म्हणून दोघींनी ठरवले की मधला व्यापारी नको, आपणच मागवू. चीनच्या झेजियांग प्रांतात सोंगशिया नावाचे गाव आहे, तिथे घरोघरी छत्र्यांचा व्यवसाय. तिथल्या एका विक्रेत्याशी गाठ पडली. तीन घड्यांच्या, आठ काड्यांच्या दोन हजार छत्र्या. सगळा खर्च धरून छत्री जवळजवळ दोनशे रुपयांना पडणार होती, म्हणजे चार लाख. थोरलीच्या पाटल्या गहाण पडल्या, धाकटीची भिशी मोडली.

आलेला नमुना सुरेख होता. व्हिडिओवर विक्रेतीने स्वतः छत्री उघडून-मिटून दाखवली. पैसे गेले, मे महिन्यात माल आला, खोकी भरलेली, छत्र्या चकचकीत. आणि पहिल्याच पावसात मरून रंगाच्या छत्र्यांचे पाणी शाळेच्या पांढऱ्या शर्टांवर ओघळले. काड्या नमुन्यात फायबरच्या होत्या, मालात लोखंडी. पंधरा दिवसांत त्यांना गंज धरला. दुकानावर आया भांडायला येऊ लागल्या, आणि ओळखीच्या गावात माणूस पैसे परत न देऊन करतो काय? विक्रेतीचे उत्तर मात्र फार गोड आले. पुढच्या ऑर्डरवर तीन टक्के सूट!

“अहो, नमुना तर तिनं खरंच चांगला पाठवला होता,” थोरली मला म्हणाली.

“वहिनी, चांगला होता म्हणूनच तर पाठवला ना,” धाकटी म्हणाली.

यात सगळे आले. नमुना ही मालाची चुणूक नसते, ती कारखान्याला काय करता येते याची चुणूक असते. दोन हजार नग करताना कापड कुठल्या गिरणीचे घेतले, काड्या कुठून आल्या, हे नमुना सांगत नाही.

पुढच्या वर्षी दोघींनी दुसऱ्या कारखान्याकडे पुन्हा ऑर्डर दिली. पाटल्या अजून सुटल्या नव्हत्या आणि ही धिटाई पाहून मला नवलच वाटले. पण या वेळी त्यांनी तपासनीस नेमला. त्याने जे केले ते जरा सविस्तर सांगते, कारण त्यातच सगळे शिकण्यासारखे आहे.

शितावरून भात

दोन हजार छत्र्या एक एक करून कुणी पाहत नाही. आपण शितावरून भाताची परीक्षा करतो तसेच. पण भाताचे पातेले ढवळलेले असते. कारखान्यातली खोकी ढवळलेली नसतात. पुढे मांडलेल्या खोक्यांत वेचून ठेवलेला माल असू शकतो. आंब्याच्या पेटीतला वरचा थर आठवा. म्हणून खोकी तपासनिसाने स्वतः निवडायची, मागच्या रांगेतली, तळातली, मधली. किती, याचाही रिवाज आहे. एकूण खोक्यांचे वर्गमूळ काढायचे आणि निदान तेवढी उघडायची. जावांच्या छत्र्या पन्नास-पन्नासच्या चाळीस खोक्यांत होत्या. वर्गमूळ सहाच्या वर, म्हणून सात खोकी. प्रत्येक खोक्यावर त्याने सही केली आणि फोटो काढला.

त्या खोक्यांतून किती नग काढायचे, हे तक्त्यात ठरलेले असते. हे तक्ते दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याच्या खरेदीसाठी वापरात आले. त्यांच्या मागचे गणित अमेरिकेतल्या बेल टेलिफोनच्या प्रयोगशाळेत हॅरोल्ड डॉज आणि हॅरी रोमिग यांनी बसवलेले होते. आज तीच पद्धत आयएसओ २८५९ या नावाने सगळीकडे चालते, आणि धंद्यातली माणसे तिला नुसते एक्यूएल म्हणतात. या तक्त्यात नेहमीच्या पातळीवर १,२०१ ते ३,२०० नगांच्या मालातून १२५ नग काढायचे. ५०१ ते १,२०० असतील तर ८०.

आता दोष. ते तीन तऱ्हांचे धरतात. इजा होईल असा दोष, उदाहरणार्थ काडीचे टोक उघडे राहून डोळ्यात जाण्यासारखे, एकही चालत नाही. एक सापडला की माल नापास. दुसरा मोठा दोष, ज्यामुळे गिऱ्हाईक वस्तू परत आणील: खटका लागत नाही, शिवण उसवली आहे, कापडाला भोक आहे. तिसरा किरकोळ: धागा लोंबतोय, छापील नक्षी जराशी सरकली आहे. रिवाजाने मोठ्या दोषासाठी अडीच आणि किरकोळसाठी चार असा एक्यूएल धरतात. १२५ छत्र्यांत मोठे दोष ७ पर्यंत असले तर पास, ८ झाले की नापास. किरकोळ दोष १० पर्यंत पास, ११ ला नापास.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण विक्रेते ती हटकून उलटी सांगतात. अडीचचा अर्थ शंभरातले अडीच नग खराब पाठवायला परवानगी, असा नाही. पण हेही खरे की दोन हजारांत चाळीस-पन्नास छत्र्या सदोष असल्या तरी माल बहुतेक वेळा या चाळणीतून खाली उतरतो. चाळणीची भोकेच तेवढी आहेत. म्हणून ऑर्डर देतानाच शेकडा दोन नग जादा, बिनमोल, मागून घ्यावेत. पुष्कळ कारखाने देतात.

जावांच्या तपासनिसाने १२५ छत्र्या उघडल्या, मिटल्या. काड्या मोजल्या, कापडाची रुंदी मोजली, छत्री वजनाच्या काट्यावर ठेवली. वजन नमुन्यापेक्षा कमी भरले तर काड्या किंवा कापड बदलल्याचा संशय घ्यायचा. पांढरे फडके कोरडे घासले, मग ओले करून घासले, रंग लागतो का म्हणून. काहींवर पाणी सोडून आतून ठिबकते का पाहिले. शेवटी भरलेले एक खोके वेगवेगळ्या बाजूंवर दहा वेळा खाली टाकले: एकदा कोपऱ्यावर, तीनदा कडांवर, सहादा सपाट बाजूंवर. हमाल खोकी कशी टाकतात ते आपण जाणतोच!

निकाल नापास. मोठे दोष ११: पाच छत्र्यांचा खटका धरत नव्हता, चारांची शिवण काडीच्या टोकाशी उसवत होती, दोघांच्या कापडाला भोके. रंग मात्र पक्का होता. दुसऱ्या दिवशी फोटोंसकट अहवाल फोनवर आला. धाकटीने कारखान्याला चार ओळींत कळवले की सगळा माल निवडून दुरुस्त करा, पुन्हा तपासणी होईल, तिची फी तुमची. ही अट ऑर्डरमध्ये आधीच लिहिलेली होती. कारखान्याने थोडी कुरकुर केली आणि काम केले. दुसऱ्या तपासणीत मोठे दोष ३ निघाले. माल दोन आठवडे उशिरा निघाला, पण पावसाआधी पोहोचला.

कारखान्याने का ऐकले? कारण उरलेले पैसे अजून जावांच्या बँकेत होते.

पैसे कधी द्यायचे

मला विचाराल तर सारी मेख इथे आहे. तपासनीस कितीही हुशार असो, पूर्ण पैसे चुकते केल्यावर त्याला पाठवणे म्हणजे वरातीमागून घोडे. अशा व्यवहारात साधारण तीस टक्के विसार आणि सत्तर टक्के माल तयार झाल्यावर, असा रिवाज असतो. तपासणी या दोहोंच्या मधे बसली पाहिजे. “अहवाल पास झाल्यावरच उरलेली रक्कम” हे वाक्य ऑर्डरच्या कागदावर पहिल्या दिवशी यावे. विसार दिल्यावर ही अट घालू गेलात तर विक्रेता हसून हो म्हणेल आणि शेवटच्या दिवशी दार उघडणार नाही.

बँकेमार्फत लेटर ऑफ क्रेडिट काढले की सुरक्षित, असेही काहींना वाटते. बँक कागद पाहते, माल पाहत नाही. आंतरराष्ट्रीय नियमांतच तसे म्हटले आहे. कागद नीट असले तर गंजक्या छत्र्यांचेही पैसे जातील. मात्र हव्या असलेल्या कागदांच्या यादीत तिऱ्हाईत संस्थेचा तपासणी दाखला घालता येतो, तो जरूर घालावा.

खर्च किती? फी एका माणसाच्या एका दिवसाची असते. चीनमध्ये ती संस्थेप्रमाणे साधारण शंभर ते साडेतीनशे डॉलरपर्यंत. जावांना वीस हजारांच्या आत पडली, म्हणजे छत्रीमागे दहा रुपयांहून कमी. पण तुम्ही दोनशेच छत्र्या मागवणार असाल, तर हा खर्च परवडणार नाही. मी तर म्हणेन, मग परदेशाच्या वाटेला जाऊच नये. मुंबईच्या घाऊक बाजारात जावे आणि गाळ्यावरच छत्री उघडून पाहावी.

काही कारखाने म्हणतात, “तपासणीचा खर्च आम्ही करतो, आमचा ओळखीचा माणूस आहे.” परीक्षार्थ्यानेच परीक्षक नेमण्यातला हा प्रकार. नको म्हणावे. तपासनिसालाही कारखान्यात जेवण, पाकीट पुढे केले जाते. चहापाणी काही आपल्याकडेच नसते. चांगल्या संस्था यासाठी माणसे बदलत ठेवतात आणि आम्ही काही दिले नाही असे कारखान्याकडून लिहून घेतात. नेमण्यापूर्वी हे विचारायला संकोच करू नका.

दिवस कुठला निवडायचा, तेही पाहा. सगळा माल तयार, आणि निदान ऐंशी टक्के खोक्यांत भरलेला असावा. अर्धाच तयार असताना बोलावले तर उरलेला अर्धा कसा निघेल ते देवच जाणे. पावसाळी वस्तू मागवणाऱ्यांना आणखी एक अडचण असते. चिनी नववर्ष जानेवारी-फेब्रुवारीत येते, कारखाने कित्येक दिवस बंद राहतात, आणि सुट्टीनंतर बरेच कामगार परततच नाहीत. नवे हात बसतात आणि तेव्हाच्या मालात चुका जास्त निघतात. त्यात समुद्राच्या प्रवासाला तीन-चार आठवडे, न्हावाशेवाला सोडवणुकीला आणखी काही दिवस. म्हणून छत्र्यांची ऑर्डर दिवाळी झाली की द्यावी आणि दुरुस्तीसाठी दोन आठवडे हाताशी ठेवावेत.

तपासनीस काय करू शकत नाही, तेही सांगायला हवे. तो तुमच्या कागदावर लिहिले आहे तेवढेच ताडून पाहतो. “चांगल्या प्रतीचे कापड” असे लिहिले तर त्याच्या हातात काही नाही. कापडाचे वजन, काड्यांची संख्या आणि धातू, दांड्याची लांबी, रंगाचा नमुना, खोक्यात किती नग, हे सगळे आकड्यांत हवे. मान्य नमुने तीन करावेत. तिघांवर सही-शिक्का. एक तुमच्या कपाटात, एक कारखान्यात, एक तपासनिसाकडे. आणि रंगात शिसे आहे का, प्लास्टिक अन्नाला चालेल का, हे डोळ्यांनी दिसत नाही. २००७ साली मॅटेलसारख्या बड्या कंपनीला चीनमध्ये बनलेली लाखो खेळणी शिशाच्या रंगापायी परत घ्यावी लागली होती. मुलांच्या हातात किंवा ताटात जाणारी वस्तू असेल तर त्याच मालातले काही नग काढून प्रयोगशाळेत पाठवावे लागतात. ती फी वेगळी आणि वेळही वेगळा.

शिवाय आपल्या सरकारचे नियम. खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे, परदेशी कारखान्यालाही. ते नसेल तर तिकडे पास झालेला मालही इकडे अडकतो. अशा वस्तूंची यादी बदलत असते, तेव्हा ऑर्डर देण्याआधी कस्टमच्या एजंटाला वस्तूचे नाव सांगून विचारावे. आयातशुल्कही तेव्हाच विचारून घ्यावे. छत्र्यांवरचे २०२२ च्या अर्थसंकल्पात वीस टक्के झाले, वर जीएसटी आहेच. आयात करणारीचे नाव-पत्ता, कोणत्या देशात बनले, किंमत, महिना-वर्ष हे पाकिटावर छापलेले लागते. ते कारखान्याकडूनच छापून घ्या आणि अक्षरे बरोबर आहेत का हेही तपासनिसाच्या यादीत घाला. आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात माल आयात करणाराही विक्रेत्यातच मोडतो. छत्रीच्या काडीने कुणा पोराला इजा झाली तर नोटीस सोंगशियाला जाणार नाही, तुमच्या दारी येईल.

अहवाल पास आला की उरलेले पैसे लगेच पाठवायची घाई होते, कारण विक्रेती तासातासाला निरोप पाठवत असते. एक रात्र थांबावे. सगळे फोटो मोठे करून पाहावेत, आपल्या कपाटातला नमुना शेजारी ठेवून. तपासनीस फक्त काय दिसले ते सांगतो. माल घ्यायचा की नाही हा निर्णय तुमचा. किरकोळ दोष पंधरा निघून नापास झालेला माल थोडी किंमत कमी करून घेणे कधीकधी शहाणपणाचे असते, हंगाम तोंडावर असेल तर विशेष. उलट काठावर पास झालेला माल पाहून मन खात असेल, तर आणखी चार प्रश्न विचारावेत.

चाळीस खोक्यांसाठी स्वतंत्र कंटेनर नसतो. आपली खोकी दहा जणांच्या मालाबरोबर येतात. म्हणून दारात टेंपो उभा राहिला की आधी खोकी मोजावीत, भिजलेले-फाटलेले असेल तर तसे पावतीवर लिहूनच सही करावी आणि फोटो काढावा, नाहीतर विमावाला ऐकत नाही. मग तपासनिसाची सही असलेली खोकी बाजूला ठेवावीत आणि सही नसलेल्यांतले एखादे, तळातले, पहिल्यांदा उघडावे.